कारणाचा रकाना

नोकरीच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या डब्याच्या वेळी, शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना मी हळूच विचारलं, "मॅडम, बायकांचं बाथरूम कुठंय?"

मॅडम वरिष्ठ लिपिक होत्या. वय पन्नाशीपार, नोकरीची बावीस वर्षं झालेली, त्यातली बहुतेक याच कार्यालयात. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाल्या, "पाणी कमी पेत जाय, बाई. घरून निघताना अर्धा गिलास. मंग थेट चारनंतर."

त्यांना प्रश्न नीट ऐकू गेला नसेल असं वाटून मी तो पुन्हा विचारला. त्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडं बोट केलं. तिथल्या शेवटच्या दारावर निळ्या रंगात 'महिला' लिहिलेलं होतं आणि कडीला कुलूप होतं. कुलूप गंजून दाराच्याच रंगाचं झालं होतं.

"आत काय आहे?"

"रेकॉर्ड," मॅडम म्हणाल्या आणि डबा पिशवीत ठेवायला वळल्या.

मी उंद्रीची. आमचा भाग घाटावरचा. परीक्षा दोनदा हुकली, तिसऱ्यांदा निघाली, आणि कनिष्ठ लिपिक म्हणून नेमणूक मिळाली ती घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. सांगितलं तर एकाच कार्यालयाची बदनामी होईल आणि बाकीची सुटतील.

पुरुषांसाठी सोय होती. तिच्या दाराला आतून कडी नव्हती आणि बाहेर कायम दोघं-तिघं गप्पा मारत उभे असायचे. साहेबांच्या केबिनला वेगळं बाथरूम होतं. साहेब दौऱ्यावर गेले की केबिनलाच कुलूप. राहिलो आम्ही चार बायका. आमची सोय रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत होती.

गिरणीवाल्या बाई मनानं मोकळ्या. भुवयांवर पीठ, डोक्याला फडकं, आणि मी दारात दिसले की पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायच्या, "जाय न माय, मागचं दार लोटलेलंच हाये." पण तिथं जायचं म्हणजे दळण घेऊन बसलेल्या माणसांमधून वाट काढायची. मी कशासाठी आले आहे ते त्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. एकदा बाईंचे सासरे खाटेवरून म्हणाले, "एवढं मोठं सरकारी हापिस, अन् एक संडास नाई काय तुमच्यात?" मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. पण तो बोलला त्यात चूक काहीच नव्हतं, आणि म्हणून राग दुसरीकडंच गेला.

काम मात्र मी लवकर शिकले. माझ्याकडं आवक-जावकचं टेबल होतं. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, क्रमांक टाकायचा, ज्याचा त्याला पोचवायचा. महिन्याभरात कोणती फाईल कोणत्या कपाटात, कोणत्या बाबूला कागद हातात दिलेला आवडतो आणि कोणाच्या टेबलावर नुसता ठेवला तरी चालतो, हे मला पाठ झालं. बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, एकदा साहेबांसमोर म्हणाले, "मॅडम चांगल्या रुळल्या आमच्याकडं." आईला मी ते फोनवर अभिमानानं सांगितलं.

मी रुळले होते म्हणजे काय झालं होतं, तर सकाळी नऊपासून चारपर्यंत मी पाणी पीत नव्हते. टेबलावर बाटली ठेवायचे, कारण बाटली नसली की लोक विचारतात. ती संध्याकाळी तशीच भरलेली घरी जायची.

घाटावरच्या माणसाला घाटाखालचा एप्रिल माहीत नसतो. खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा तोंडाला लागायचा. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मला हुडहुडी भरून ताप आला. कंबर धरली, आणि लघवीला जाताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

मी सांगितलं.

"कुठं आहात नोकरीला?"

तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषध देते, पाच दिवसांत उतरेल. पण सवय नाही बदलली तर पुन्हा याल. सरकारी हापिसातल्या बाया बऱ्याच येतात माझ्याकडं."

खोलीवर पडून मी पाच दिवस त्या शब्दावर संतापत होते. सवय म्हणे. ही सवय मला आईनं लावली नव्हती.

सहाव्या दिवशी मी बडे बाबूंकडं गेले आणि किल्ली मागितली. बडे बाबू कधी आवाज चढवत नसत. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "तिथं जुनं रेकॉर्ड आहे, मॅडम. रेकॉर्ड हलवाचं म्हणजे आदेश लागते."

"मग आदेश काढू या, सर."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. अर्जावर चौघींच्या सह्या असाव्यात म्हणून आधी शेजारच्या मॅडमकडं नेला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि परत केला. "माह्ये नोकरीचे सहाच वर्षं राह्यले. या वयात मले बदली नको. तू बी कायले नादी लागतं? नवी हायेस." बाकीच्या दोघींनी मॅडमची सही नाही हे पाहून आपलीही केली नाही. त्या क्षणी मला बडे बाबूंपेक्षा मॅडमचाच जास्त राग आला. ज्या बाईनं इतकी वर्षं हा त्रास काढला, तिनं तरी कागद परत करायला नको होता.

एकटीच्या सहीनं अर्ज दिला. माझाच अर्ज मीच आवक नोंदवहीत चढवला आणि साहेबांच्या टपालात ठेवला. चार दिवसांनी तो खाली आला. समासात हिरव्या शाईत एकच शब्द होता: 'चर्चा'.

चर्चा बडे बाबूंनी केली. "मॅडम, परिवीक्षा चालू आहे तुमची. दोन वर्षं कायम व्हायला लागतात. नवीन माणसानं आधी कामाकडं लक्ष द्यावं. बाकीच्या तिघींची काही तक्रार नाई, तुमचीच कशी?" आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून, "तुम्ही दिवसातून दोन-दोनदा बाहेर जाता, पंधरा-पंधरा मिनिटं. जनता खोळंबते. उद्यापासून कार्यालय सोडताना हालचाल नोंदवहीत लिहीत चला. सगळ्यांनीच."

हालचाल नोंदवही म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्यानं कुठं, कशासाठी, किती वाजता गेलो आणि किती वाजता आलो ते लिहायचं रजिस्टर. आमच्याकडं ते कपाटावर धूळ खात होतं. दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी नवं आणवलं. पानांवर क्रमांक टाकले, पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं दाखला लिहिला की या नोंदवहीत एक ते दोनशे पृष्ठे आहेत, खाली सही-शिक्का केला, आणि ती दाराजवळच्या टेबलावर दोरीला बांधून ठेवली. चहाला आणि पानाला जाणाऱ्यांपैकी कोणी तिला हात लावला नाही. ती कोणासाठी बांधली होती ते सगळ्यांना कळत होतं. जाणं-येणं लिहायचं म्हटल्यावर मी लाजेनं गिरणीत जाणंच बंद करीन, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या दिवशी पावणेबाराला मी नोंदवहीपाशी गेले. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, 'समोरील पिठाची गिरणी'. कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला. मग लिहिलं, 'लघवीसाठी. कार्यालयातील महिला प्रसाधनगृह कुलूपबंद असल्याने.' वेळ टाकली, सही केली आणि गेले. आल्यावर परत आल्याची वेळ टाकली. अक्षर मुद्दाम ठळक काढलं होतं.

दोन दिवसांनी बडे बाबूंनी बोलावलं. "हे असं लिहीत नाईत, मॅडम. 'वैयक्तिक काम' लिहा."

"वैयक्तिक काम नाही, सर. बँकेत गेले असते तर लिहिलं असतं."

"लोक वाचतात."

"वाचू द्या."

टेबलावर परत आले. मी पाणी प्यायले. त्या दिवसापासून मी भरपूर पाणी प्यायचं ठरवलं. दिवसात तीनदा, कधी चारदा जात होते, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य पूर्ण लिहीत होते. पुरुष मंडळी नोंदवहीपाशी घुटमळायची, वाचायची, एकमेकांकडं पाहून हसायची. एकानं मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "आज किती झाले बे?" मी मान वर केली आणि सांगितलं, "तीन. पान उलटून पाहा, वेळ पण लिहिली आहे." त्यानंतर मोठ्यानं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी नोंद करायला गेले आणि पाहिलं, तर सकाळच्या माझ्या नोंदीखाली शेजारच्या मॅडमचं अक्षर होतं. ठिकाण, 'वरीलप्रमाणे'. कारण, 'वरीलप्रमाणे'. खाली त्यांची पूर्ण सही, त्या पगारपत्रकावर करतात तशी.

मी वळून पाहिलं. त्या टाचणीनं कागद जोडत होत्या. मी जवळ गेले तर वर न पाहता म्हणाल्या, "काऊन उभी हायेस? बस न." एवढंच. आठवड्याच्या शेवटापर्यंत उरलेल्या दोघीही 'वरीलप्रमाणे' लिहायला लागल्या. काही पानांवर वरपासून खालपर्यंत तेवढंच होतं.

मग जिल्ह्याहून तपासणीचं पत्र आलं. ते मीच आवकला घेतलं. तपासणीला दाखवायच्या नोंदवह्यांची यादी सोबत होती आणि त्यात हालचाल नोंदवही होती. बडे बाबूंनी ती दोरीसकट सोडून स्वतःच्या टेबलावर नेली आणि बराच वेळ चाळत बसले. पानं फाडता येत नव्हती. दोनशे पानं आहेत असा दाखला त्यांचाच होता.

रविवारी दोन मजूर आणि एक सफाईवाला बोलावून त्यांनी ती खोली उघडली. सोमवारी आम्ही आलो तेव्हा आतलं सामान व्हरांड्यात पडलेलं होतं. मोडका कूलर, प्लास्टिकच्या फुटक्या खुर्च्या, कुठल्याशा जुन्या कार्यक्रमाचे कापडी फलक, विजेच्या माळांचा गुंता. रेकॉर्ड म्हणावं असं एक पोतं होतं, आणि त्यात उंदरांनी कुरतडलेले कोरे छापील अर्ज होते. कोरे. मी ते हातात घेऊन पाहिले. याच्यासाठी आदेश लागत होता. याच्यासाठी मी तापानं फणफणले होते.

नळाला पाणी नव्हतं. ते यायला आणखी आठ दिवस आणि माझे दोन अर्ज लागले.

तपासणी अधिकारी आले, फिरले, आणि शेऱ्यांत एक ओळ लिहून गेले: 'महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृहाची सोय आढळली. समाधानकारक.' हालचाल नोंदवही त्यांनी उघडली की नाही, मला कळलं नाही. साहेबांचं अभिनंदन झालं. साहेबांनी बडे बाबूंचं केलं. वर्षअखेरीला माझ्या गोपनीय अहवालाची प्रत हाती आली. कामाबद्दल 'उत्तम' होतं, आणि 'सहकाऱ्यांशी संबंध' या ओळीपुढं 'साधारण'. त्याविरुद्ध अभिवेदन, म्हणजे लेखी हरकत, करता येतं, ते मी केलं, आणि शेरा बदलून 'चांगले' झाला. दोन वर्षं भरल्यावर मी कायमही झाले.

सगळं नीट झालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तो का झाला नाही, ते सांगते.

नळ सुरू झाल्याच्या दिवशी आम्ही चौघी डबा खात होतो. मॅडम आज मोकळ्या बोलत होत्या. त्यांनी सांगितलं, त्या इथं लागल्या तेव्हा गिरणीसुद्धा नव्हती. मागं नाला होता, तिकडं जावं लागायचं, आणि दुसऱ्या एका बाईनं ओढणी धरून उभं राहायचं. "माह्यी मोठी पोटात होती न, तवा आठव्या महिन्यापर्यंत मी थ्याच उतारावरून जात होती. एक डाव पाय घसरला, बसलीच मी चिखलात. थे बाई म्हणे, अवं ऊठ, साप असन." आणि त्या हसल्या. खरंच मजा आठवल्यासारख्या हसल्या. बाकीच्या दोघीही हसल्या.

मी घास खाली ठेवला. "तेव्हाही ही खोली होती?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "कुलूप तवाच लागलं होतं."

त्यांनी माझ्यापुढं लोणच्याची बाटली सरकवली. मला ती घेता आली नाही. एका रविवारी, दोन मजुरांनी, चार तासांत उघडली होती ती खोली.