अर्धी प्रार्थना

त्याला सगळे पेटीवाला म्हणत. हार्मोनियम आणि चर्चमधल्या पायपेट्या दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते. भाता कुठे फाटलाय ते शोधायची त्याची रीत साधी होती. भाता दाबायचा आणि शिवणीवरून गाल फिरवायचा. गालाला वारा लागला की तिथे भोक. डोळे फसवतात, गाल फसवत नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

लग्न झाल्यापासून नवरा-बायको रोज सकाळी शेजारी बसून एक छोटीशी प्रार्थना करत. श्वास घेताना ती पुटपुटे, "प्रभू येशू." श्वास सोडताना तो म्हणे, "दया कर." असं दहा-बारा वेळा, मग चहा. फक्त रविवारी देव आठवणाऱ्यांची ती भारी थट्टा करायची. "एकदा श्वास घेतला की आठवडाभर पुरतो वाटतं यांना!"

मग त्यांची एकुलती एक मुलगी तापाने गेली. नऊ दिवस पेटीवाल्याने "दया कर" म्हणून म्हणून घसा कोरडा केला होता. दहाव्या दिवशी त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. चर्चची पेटी दुरुस्त करायला जाई, पण मागच्या दाराने.

बायको त्यावरून भांडली नाही की समजूत घालायला गेली नाही. सकाळी ती त्याच्याशेजारी बसे, आपलं अर्धं म्हणे आणि त्याच्या अर्ध्यासाठी थांबे. तेवढ्यात हा गडी चहाचा घोट घेई, तोही मुद्दाम फुर्र करून. ती पुन्हा आपलं अर्धं म्हणे. अशी अकरा वर्षं गेली. हट्टाला दोघंही सारखेच!

चर्चच्या पाळकांनी एकदा तिला सुचवलं, "बाई, तुम्हीच पूर्ण म्हणत जा की."

"त्यांची जागा आहे ती," ती म्हणाली. "मी तिथे ऐसपैस बसले, तर ते परत येतील तेव्हा बसतील कुठे?"

पुढे तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. आधी जिना सुटला, मग स्वयंपाकघर, मग सलग बोलणं. डॉक्टरांनी पेटीवाल्याला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. त्याच संध्याकाळी ती तुकड्या-तुकड्याने म्हणाली, "अहो... एकदा... तुमचं अर्धं... ऐकू द्या."

"चर्चची पेटी उघडी पडलीय. ती झाली की बघू," तो म्हणाला.

पेटीचं निमित्त होतं. एकीसाठी मागितलं आणि ती गेली. आता हिच्यासाठी मागितलं आणि हीही गेली तर? त्यापेक्षा न मागितलेलं बरं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. माणूस घाबरला की किती कामसू होतो! चार दिवस तो भात्याला सरस लावत बसला.

पाचव्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन आला, तर तिचे डोळे मिटलेले, ओठ हलत नव्हते. कप तसाच ठेवून तो वाकला आणि सवयीने तिच्या तोंडाशी गाल नेला.

वारा लागला. अगदी बारीक. मग थांबला. मग पुन्हा लागला, पुन्हा थांबला. त्या थांबण्याची लांबी त्याला पाठ होती. अकरा वर्षं रोज त्याने ती चहा फुरकत घालवली होती. शब्द संपले तरी ती त्याच्यासाठी थांबतच होती.

"दया कर," तो म्हणाला. आवाज गंजल्यासारखा निघाला.

तिची बोटं त्याच्या बाहीवर आली. मग तो उठलाच नाही. तिचा प्रत्येक श्वास गालावर घेत तो आपलं अर्धं म्हणत राहिला. दुपारी गालाला वारा लागायचा थांबला. तरी तो बराच वेळ म्हणत होता. शेवटी भेटायला आलेल्या पाळकांनी खांद्याला धरून त्याला उठवलं.

आता तो रोज सकाळी एकटाच बसतो. आधी थांबतो, श्वास आत घेतो, पण बोलत काहीच नाही. मग श्वास सोडताना म्हणतो, "दया कर." चहा बाजूला निवत असतो.

पाळकांनी एकदा ते ऐकलं. "अहो, आता पूर्ण म्हणा की," ते हळूच म्हणाले.

पेटीवाल्याने नकारार्थी मान हलवली. "तिनं अकरा वर्षं माझी जागा राखली," तो म्हणाला. "मी मात्र तिला एकच सकाळ दिली."