मागच्या सीटवरची तिसरी सवारी

अगं ये, अशी जवळ ये. अहो दादा, तुम्ही पण या. दारात उभं राहून काय ऐकता? आधी सांगते, तुम्हा सगळ्यांवर मी जरा रागावलेली आहे. इथं ग्रुपवर कुणी बिचारं आपला अनुभव लिहितं, आणि तुम्ही अर्धं वाचलं न वाचलं की खाली कमेंट टाकता — 'काकू, फेका अजून', 'झोपेच्या गोळ्या बदला'... असं करू नये हो. लिहिणाऱ्याच्या जिवाला काय झालंय ते त्यालाच ठाऊक.

आणि मी तरी कुठं मानत होते? आमच्या घरात भानामती, उतारा, अंगात येणं, यातलं काहीच नाही. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देवांचे टाक नदीत सोडले. सासूबाई तर अशा खमक्या, की गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की तोंडावर तांब्याभर पाणी मारायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ, भाकरी टाक. पोरं उपाशी हायेत." त्या घरात मी चाळीस वर्षं काढली. म्हणून खाली जे लिहिते ते लिहायची मलाच लाज वाटते... पण लिहिते.

मी संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत राहते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतली मासिकं वाचून शिकले, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मालक गेल्यावर मी कित्येक वर्षं सिल्लोडच्या बाजारात परकर, ब्लाऊजपीस विकले. जाणं-येणं काळी-पिवळी जीपनं. मागच्या बाकड्यावर चौघींची जागा, बसायच्या सहा जणी. तरी ड्रायव्हर ओरडणारच, "सरका माय, सरका! अजून एक सवारी हाय!" शेजारणीचा खांदा लागला की आपण बूड उचलायचं आणि चार बोटं पलीकडं सरकायचं. त्याला डोकं लागत नाही, अंगच सरकतं. मला ही सवय हाडात मुरलेली आहे. माझा घात तिनंच केला.

तर गेल्या वर्षी माझी लेक सुजाता, जावई प्रवीणराव आणि नात ओवी मॉरिशसला निघाले. ते पुण्याला असतात. सुजाता म्हणाली, "आई, तू पण चल. पासपोर्ट काढलाय तो काय पेटीत ठेवायला?" प्रवीणराव मोबाईलमध्ये बघत बसले. माणूस वाईट नाही, पण मी सोबत असले की त्यांचं तोंड बारीक होतं. मी मात्र एका पायावर तयार. समुद्रासाठी नाही हो, ओवीसाठी. तिसरीतलं पोर, वर्षातून दोनदा दिसतं. आठवडाभर शेजारी झोपेल, गोष्ट सांग म्हणेल... मला तेवढंच पाहिजे होतं.

तिथं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतात. म्हणून प्रवीणराव म्हणाले, ड्रायव्हर नको, गाडी भाड्यानं घेऊ, स्वतःच बेट फिरू. मोबाईलवर नव्या पांढऱ्या गाडीचा फोटो बघून बुकिंग केलं. सकाळी हॉटेलच्या दारात एक माणूस आला तो जुनी, राखाडी गाडी घेऊन. दारावर पोपडे निघालेले. प्रवीणराव भडकले, फोटो दाखवला. तो माणूस हसला नाही की चिडला नाही.

"धिस वन, सर. ऑर नो कार."

किल्ली बोनेटवर ठेवली आणि निघाला. सुजाता म्हणाली, "जाऊ दे ना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." प्रवीणराव म्हणाले, "तुझं नेहमीचं जाऊ दे!" झालं, तिथूनच दिवसाला नाट लागला.

सकाळी दक्षिणेच्या टोकाला ग्री ग्री म्हणून जागा आहे, तिथं गेलो. काळे कडे, समुद्र नुसता डोकं आपटत होता. दुपारी जेवून किनाऱ्याच्या रस्त्यानं पश्चिमेकडं परत निघालो, फ्लिक-आँ-फ्लाकला, आमच्या हॉटेलवर. आता कोण कुठं बसलं होतं ते नीट सांगते. पुढं उजवीकडं प्रवीणराव, स्टिअरिंगवर. त्यांच्या शेजारी सुजाता. मागं डाव्या खिडकीशी ओवी, मधे मी, कारण तिला माझ्या खांद्यावर डोकं ठेवायचं होतं. आणि माझ्या उजवीकडची जागा मोकळी. पिशवीसुद्धा नव्हती तिथं. समुद्र डावीकडं, म्हणजे ओवीच्या दाराच्या बाजूला.

भर दुपार, लख्ख ऊन. रस्ता अरुंद, मागून बसवाले हॉर्न मारून जीव घेत होते. पुढं दोघांचं मोबाईलच्या नकाशावरून जुंपलेलं. ओवी पेंगत होती. मी बाहेर बघत होते... आणि माझ्या उजव्या खांद्याला खांदा लागला.

मी सरकले.

बघा, मी विचारसुद्धा केला नाही. बूड उचललं, चार बोटं डावीकडं. थोड्या वेळानं पुन्हा लागला, मी पुन्हा सरकले. मग मांडीला मांडी लागली. गरम, घामेजलेलं अंग असतं ना बाजाराच्या दिवशी, तसं. मी अजून सरकले. तेवढ्यात ओवी झोपेतच कुरकुरली, "आजी, सरक ना तिकडं... मी चेपतेय."

आणि माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला, की अगं बाई, ही जीप नाही. माझ्या उजवीकडं आहेच कोण?

मी मान वळवली. कुणी नव्हतं. काळी सीट, त्यावर उन्हाचा पट्टा. पण सीट दबलेली होती. माणूस बसल्यावर दबते ना, तशी खोलगट. मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो खळगा माझ्याकडं सरकला.

आता तुम्ही म्हणाल, काकूंना झोप लागली होती. नाही हो. जीपमधला धक्का मला आयुष्यभर ठाऊक आहे. त्यात गर्दी असते, राग नसतो. ह्या धक्क्यात राग होता. कुणाला तरी आमच्यातलं एक जण तिथं नको होतं... आणि ते मी नाही, ओवी. मला नुसतं मधे घेतलं होतं, पाचर ठोकतात तसं. माझ्याच अंगानं माझ्या नातीला दाराकडं रेटणं चाललं होतं.

'खट्' आवाज झाला. ओवीचा बेल्ट सुटला. मी लावला. परत 'खट्'. मी बकलावर तळहात दाबून धरला, तर हाताखाली बोटं. खरखरीत, माझ्या बोटांना उचकटणारी. ओवीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, मी बघितले.

पुढं गाडीत दार नीट न लागल्याचं टिंग टिंग सुरू झालं. प्रवीणराव ओरडले, "मागं दाराशी कोण खेळतंय? ओवी!"

"ती झोपलीय!" मी म्हटलं. "गाडी थांबवा!"

"इथं कुठं थांबवू? मागं बस आहे, वळण आहे!"

मकोंदे म्हणतात त्या वळणाला. एकीकडं खडक, दुसरीकडं बुटका कठडा आणि खाली पाणी. मला तेव्हा बुद्धवंदना आठवली नाही, काही आठवलं नाही. तोंडाला आली ती सिल्लोडच्या रस्त्यावरची भाषा. पुढच्या सीटला दोन्ही पाय रोवले, डावा हात ओवीच्या कमरेत घातला आणि उजवं कोपर त्या मोकळ्या जागेकडं हाणलं.

"ए भवाने, अंग आवर! लेकरू हाय इथं! बसायचं तर गुमान बस, न्हाय तर उतर खाली! मी न्हाय सरकणार आता!"

कोपर रिकाम्या हवेत गेलं नाही. मऊ काहीतरी लागलं, आणि कानाजवळ कुणीतरी नाकातून श्वास सोडला. मग असा रेटा आला, जणू भरलेली जीप अंगावर कलंडली. दार उघडलं. वारा आत घुसला, ओवीच्या पायातली चप्पल रस्त्यावर पडली आणि तिचे पाय बाहेर लोंबले. मी तिचा फ्रॉक, तिचा दंड, हाताला येईल ते धरलं. पोरगी जागी होऊन किंचाळली. प्रवीणरावांनी ब्रेक मारला. मागच्या बसवाल्यानं काय शिव्या दिल्या, देव जाणे... बघा, जाते का सवय, देव जाणे म्हणते मी.

प्रवीणरावांनी धावत येऊन ओवीला उचलून घेतलं. मग वळून आत बघितलं. त्यांना काय दिसलं ते मी आज समजू शकते. त्यांची सासू डाव्या दारात कोंबलेली, आणि तिच्या मागं अर्धी सीट मोकळी.

"एवढी जागा पडलेली असताना तुम्ही पोरीला दाराबाहेर ढकलत होतात?"

मी म्हटलं, "प्रवीणराव, कुणीतरी दाबत होतं..."

"कोण?"

सुजातानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. ते मला धक्क्यापेक्षा जास्त लागलं.

राहिलेल्या रस्त्याला सुजाता ओवीला मांडीवर घेऊन मागं डावीकडं बसली. प्रवीणरावांनी आरशातून सांगितलं, "तिला त्यांच्यापासून लांब ठेव." त्यांच्यापासून — म्हणजे माझ्यापासून. मी म्हटलं, बरं. मी हट्टानं त्या उजव्या जागेवर बसले, म्हटलं बघू कोण उठवतंय. कुणी हात लावला नाही. पण सीट ऊन होती. कुणीतरी आत्ताच उठून जागा द्यावी तशी... आणि मधली जागा मोकळी.

संध्याकाळी तो माणूस गाडी न्यायला आला. किल्ली घेतली, पण गाडीभोवती फिरून ओरखडे काही बघितले नाहीत. सरळ मागचं उजवं दार उघडलं, मान खाली घालून दार धरून उभा राहिला. म्हाताऱ्या माणसाला उतरताना धरतो ना आपण, तसा. मग हळूच लावलं. मी जवळच होते. तिथल्या लोकांना हिंदी समजतं. मी विचारलं, "भैया, कौन उतरा?"

त्याला समजलं. मी त्याचे डोळे बघितले.

"फिनिश, मॅडम. गो."

आता बाकीचं. गाडीच्या दाराचं लॅच खराब असेल. बकल झिजलेलं असेल. माझी शुगर उतरली असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. प्रवीणरावांच्या आग्रहानं इथं संभाजीनगरात डोक्याचं स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला चांगलं आहे. विहारात भन्तेजींना सांगितलं, ते म्हणाले मनाचे खेळ असतात. असतील. पण माझा उजवा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता तो मनानं पाडला का? प्रवीणराव म्हणतात, ब्रेकच्या वेळी आपटला. तेही असेल. कोण होतं, त्या पोरीवर कसला राग होता, मला आजही ठाऊक नाही.

ओवी तेव्हापासून इकडं आलेली नाही. सुट्टीत येणार होती, तर क्लास निघाला. नंतर कुठलं तरी लग्न निघालं. फोनवर एकदा तीच म्हणाली, "आजी, पप्पा म्हणतात तू मला ढकललंस."

"आणि तुला काय वाटतं गं?"

म्हणाली, "तू लई जोरात धरलं होतंस. मला दुखलं." पुण्याची पोर ती, 'लई' म्हणाली, माझ्यासारखं. मी म्हटलं, "व्हय गं बाळा, दुखलं असेल." आणि फोन ठेवून पदर तोंडात कोंबला.

सुजाता, तू हे वाचतेस मला माहीत आहे. मागं एकदा खाली टोपणनावानं तूच लिहिलं होतंस, 'काकू, छान लिहिता.' तुला काही पटवून द्यायचं नाही मला. जावईबापूंनाही घेऊन ये, मी त्या गाडीचं नावसुद्धा काढणार नाही. ओवीला माझ्याजवळ झोपवायचं नसेल तर तू मधे झोप, मला चालेल. बाजरी दळून ठेवलीय. तिचे परकर शिवून ठेवलेत, ते तोकडे व्हायच्या आत या. लवकर या गं.