शेततळ्यातल्या छत्र्या

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या शेजारी भिंतीला ओल येते. ती झाकायला मी तिथं एक पोस्टर लावलं होतं. निळ्याशार पाण्यात तरंगणारे जेलीफिश, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'तुम्हाला कुठं दिसले? फोटो काढा, आम्हाला कळवा.' पुण्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं, तिथं समुद्राकाठच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडम बोलायला आल्या होत्या. जेलीफिश आणि त्यांच्यासारखे पाण्याबरोबर वाहत जाणारे पारदर्शक जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांची वेळ नेमकी जेवणानंतरची, त्यामुळे निम्मा हॉल पेंगत होता. मी पुढच्या रांगेत जागी होते, म्हणून पोस्टर माझ्या हातात आलं. नको कसं म्हणायचं म्हणून घेतलं, इतकंच.

मी केंदूरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. इथून समुद्र कुठल्या कुठं. मी स्वतः तो एकदाच पाहिला, कॉलेजच्या सहलीत, चपला हातात धरून. त्यामुळे मुलांनी पोस्टरकडे बघून विचारलं, "बाई, ह्ये खात्यात का?" तेव्हा "काही देशांत खातात" एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळले होते. खरं सांगायचं तर त्या वर्षी मला शिकवण्याचाच कंटाळा आला होता. माहेर दौंडचं, तिकडं बदली मिळते का, याची चौकशी चालू होती.

दसरा जवळ आला होता. ऊन तापलं होतं. मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलीची आई प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात लोणच्याची काचेची बरणी. ही मूळची दौंडची, माझ्याच कॉलनीच्या पलीकडच्या गल्लीतली. बारावी सायन्स झाली आणि लग्न होऊन इथल्या बागायतदाराच्या घरात आली. तिच्या सासऱ्यांना सगळं गाव चाचा म्हणतं. त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं शेततळं.

"बाई, त्या दिवशी पालक सभेला आले होते ना, तवा भिंतीवर बघितलं होतं," ती म्हणाली. "ते हाय बघा ह्यात."

मी बरणी हातात घेतली, तर आत नुसतं पाणी दिसलं. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग दिसलं. रुपयाच्या नाण्याएवढ्या तीन छत्र्या. काचेसारख्या आरपार, कडेला केसांसारख्या बारीक दोऱ्यांची झालर. आकसत होत्या, उघडत होत्या, वर जात होत्या, आणि वर पोचल्या की हात-पाय सोडून दिल्यासारख्या सावकाश खाली येत होत्या.

"हे शक्य नाही," मी म्हणाले. "हे समुद्रात असतात."

"मग ह्यांना कुणी सांगितलं न्हाई वाटतं," ती म्हणाली.

पोस्टरवरचा नंबर लावला. उचलला नाही. संध्याकाळी मॅडमचाच परत फोन आला. मी व्हिडिओवर बरणी दाखवली. त्या एकदम ओरडल्याच, "अहो, हलवू नका, हलवू नका!" त्यांनी सांगितलं ते असं: जेलीफिशची एक जात गोड्या पाण्यात राहते. ती असते बऱ्याच ठिकाणी, पण दिसते क्वचित. शेततळ्यात सोडलेल्या माशांच्या बीजाबरोबर आली असेल, किंवा पाणपक्ष्यांच्या पायाला चिकटून. माणसाला तिचा त्रास नाही. "पाण्यात काहीही टाकू देऊ नका. मी येते."

पण त्यांना रजा आणि तिकीट मिळायला वेळ लागणार होता, आणि गावात बातमी पसरायला रात्र पुरली. सकाळी शेततळ्यावर पोचले तर बांधावर ही गर्दी. कुणी म्हणत होतं विषारी आहेत, अंग भाजतं. कुणी शेजारच्या म्हशीचं दूध कमी झालं त्याचा संबंध जोडत होतं. चाचांचा पुतण्या दुकानातून ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन आला होता आणि ती फोडायच्या बेतात होता.

चाचा शेजारच्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते. "बाई, पावडरीनं मासं मेलं तरी मला दुःख न्हाई," ते म्हणाले. "पण लेकरं उतरत्यात ह्या पाण्यात. उद्या कुणाला काय झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"चाचा, मी मॅडमशी बोलले. माणसाला काही होत नाही म्हणाल्या त्या."

"त्या तिकडं समुद्रावर. इथं पाण्यात हात घालणार हाय का कुणी?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एक बादली भरून आणायला सांगितली. बादलीत पाच-सहा छत्र्या वरखाली करत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. पुस्तकात वाचलेलं आणि फोनवर ऐकलेलं माझ्या डोक्यात होतं, पण हात पुढे होईना. मी उगीच बाहीची घडी नीट करत राहिले. तेवढ्यात चाचांच्या सुनेनं बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला.

"अगं!" चाचा उठून उभे राहिले.

"काय न्हाई होत, अब्बा," ती म्हणाली. "परवा बरणीत पकडायला घातलाच होता की हात. गार लागतंय नुसतं."

मग मीही घातला. एक छत्री माझ्या मनगटाला टेकून गेली. स्पर्श म्हणावा असं काही जाणवलंच नाही, साबणाच्या फेसाहूनही हलकं. आम्ही दोघी बराच वेळ तशाच वाकून उभ्या होतो. पिशवी फुटली नाही, पण परतही गेली नाही. चाचांनी ती गोठ्यात ठेवायला सांगितली. "तुमच्या मॅडमना येऊ द्या. मग बघू."

पुढचे काही दिवस शाळेची मधली सुट्टी लांबत गेली. एकेक वर्ग मी शेततळ्यावर नेला. चाचांची सून मुलांना बांधावर पोटावर झोपायला लावायची आणि सांगायची, "हालायचं न्हाई. पाण्याकडं न्हाई बघायचं, पाण्यात बघायचं." पाठीमागच्या बाकांवरची मुलं, जी कधी हात वर करत नव्हती, ती आता विचारायला लागली. तोंड कुठंय? डोळं न्हाईत तर वर कुठलं हे कसं कळतं? मेंदू नसताना जगतंय कसं? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. घरी जाऊन वाचायचे, दुसऱ्या दिवशी सांगायचे. असं मी किती वर्षांत केलं नव्हतं.

मग आभाळ आलं. दोन दिवस भुरभुर पाऊस, हवा गार झाली, आणि छत्र्या गेल्या. एकही उरली नाही. आणि त्याच आठवड्यात मॅडम निघाल्या होत्या.

गोव्याकडून येणारी त्यांची रेल्वे दौंडलाही थांबते आणि तिथून न्यायला माझ्या भावाची गाडी होती, म्हणून मी माहेरी जाऊन राहिले होते. स्टेशनवरून त्यांना घरी आणलं. आईनं पोहे पुढे ठेवले. त्यांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले तेव्हा मी धीर करून सांगितलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण आता तिथं काहीच नाहीये."

त्यांनी घास संपवला. "असं होणारच होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या छत्र्या म्हणजे फुलं समजा. मोसम संपला की जातात. झाड खाली चिकटलेलं असतं, बारा महिने. आपण झाड शोधू. तुमच्याकडे मायक्रोस्कोप आहे ना?"

होता. आरसा डागाळलेला आणि चाक अडकणारा, पण होता. माझ्या भावाच्या गाडीतून आम्ही शिरूरमार्गे केंदूरला गेलो. बांधावर पुन्हा गर्दी. पाणी रिकामं बघून पुतण्या म्हणाला, "पाव्हणी बघायला आली आन् नवरीच पळाली." सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग साडीचा पदर खोचून कडेला बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, पाण्यातले दगड, काड्या, कागदावरचं शेवाळ, जे मिळेल ते आणा, पण पुसू नका. डाळिंबं भरायच्या शेडमध्ये टेबल टाकलं. एकेक दगड ताटलीतल्या पाण्यात ठेवून त्या बघत होत्या. तास गेला, दुसरा गेला. शेळ्या सोडायची वेळ झाली तशी माणसं पांगायला लागली. मी तर आशा सोडली होती.

"या इकडं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, म्हणून आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्यांनी चाचांना पहिल्यांदा बसवलं. चाचांनी टोपी मागं सरकवली, एक डोळा मिटला. मला त्यांच्या आधी बघायचं होतं, पण मी मागे सरकून त्यांना जागा दिली.

"सुईच्या टोकाएवढं काहीतरी हाय," ते म्हणाले. मग आणखी खाली वाकले. "हाललं की! बाई, ह्ये हालतंय!"

"हेच," मॅडम म्हणाल्या. "ह्याच्यावरच छत्र्या उगवतात. पाणी तापलं की."

चाचा उठले. त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि म्हणाले, "गोठ्यातली पिशवी दुकानात परत दिऊन ये." मग रांग लागली. पांगलेली माणसं माघारी आली. चाचांची सून सगळ्यात शेवटी बसली आणि सगळ्यात जास्त वेळ बसली.

जाताना मॅडमनी तिला एक थर्मामीटर दिला. पाणी किती तापतं आणि छत्र्या कधी येतात हे बघून फोनवर कळवायचं काम तिच्याकडे आलं. उन्हाळ्यात मॅडमनी दौंड आणि शिरूरकडच्या शाळांसाठी रेल्वेच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम ठरवला आणि हट्ट धरला की शेततळ्याचं तिनंच सांगायचं. तिसऱ्या रांगेत तिची आई आणि भाऊ बसले होते. तिनं पुस्तकी भाषेत सुरुवात केली, 'सदर प्राणी' म्हणाली आणि अडकली. घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "आमच्या तळ्यात काय झालं ते सांगते," आणि सांगत सुटली. हॉलमध्ये कुणी पेंगलं नाही. शेवटी एका मुलीनं विचारलं, ती खालची झाडं किती वर्षं जगतात?

"मला न्हाई माहीत," ती म्हणाली. "बघतोय आम्ही अजून."

पुढच्या दसऱ्याला छत्र्या आल्याच नाहीत. गावात चेष्टा झाली. मला वाईट वाटत होतं, तिला विचारलं तर म्हणाली, "रोज बघते मी. यायच्या तवा येतील." बदलीची चौकशी मी कधी थांबवली ते मलाही नीट आठवत नाही.

मागच्या महिन्यात दुपारी शाळेत फोन आला. जवळच्या पाबळच्या एका बाई बोलत होत्या. त्यांचा मुलगा दौंडच्या त्या कार्यक्रमाला होता. "आमच्या विहिरीत तुमच्या तळ्यातल्यासारखंच कायतरी दिसतंय," त्या म्हणाल्या. "आम्ही काय टाकलं न्हाई पाण्यात. कुणाला टाकू बी देत न्हाई. तुम्ही कवा येताय?"

मी चाचांच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, "थांबा, निघालेच," आणि पाऊण तासात ती शाळेच्या फाटकापाशी स्कूटीवर हजर होती. मागं बसताना मी विचारलं, "बरणी घेतलीस?"

"दोन घेतल्यात," ती म्हणाली. "नीट धरून बसा, रस्ता खराब हाय."