तिकडची हवा

वेलिंग्टनला एका संग्रहालयात मी जुनी पत्रं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. अठराव्या शतकातल्या कुण्या बड्या इंग्रज घराण्यातल्या बाईंनी बहिणीला लिहिलेली. लोकांना वाटायचं, काय भारी काम! कसलं भारी, नुसत्या उखाळ्यापाखाळ्या. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, देवी येऊन कुणाचं रूप गेलं, कुणाच्या सुनेनं कसला झगा घातला. आमची आई पुण्याहून दर रविवारी फोनवर हेच करायची. ‘तुला म्हणून सांगते’ म्हणायची आणि अख्ख्या सोसायटीला सांगून झालेलं मला सांगायची.

या बाईंची एक लाडकी भाची होती. पत्रांमागून पत्रं तिच्या कौतुकानं भरलेली. मग ती नवऱ्याला सोडून आली आणि बाईंनी बहिणीला कळवलं की तिला लंडनची हवा मानवली नाही, म्हणून ती खेड्यात राहते. मला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या माओरी बाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. पुढे तिचं काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. म्हटलं, बघू, पत्रांच्या पेटीत अजून हीप्स आहेत, ढीगच्या ढीग.

त्याच हिवाळ्यात मी नवऱ्याचं घर सोडलं आणि टेकडीवर एक खोली घेतली. आईला फोनवर सांगितलं, तर तिनं आधी विचारलं, तिथल्या मराठी मंडळींना कळलंय का? मग चुलतभावानं घेतलेल्या फ्लॅटबद्दल बोलत बसली.

डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी रजा टाकली होती, साडीसुद्धा ठरवली होती. तिला हळद लावायला मला जायचंच होतं.

‘‘तू नको येऊस गं,’’ आई म्हणाली. ‘‘लोक विचारतील. तुला तिकडची हवा मानवली नाही, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीय, असं मी सांगून टाकलंय.’’

‘‘आई, तो मला मारायचा.’’

‘‘हळू बोल.’’

हळू बोल! एवढ्या समुद्रापलीकडून माझा आवाज कुणाला ऐकू जाणार होता, कोण जाणे.

मी गेले नाही. का ऐकलं मी तिचं, याचा राग अजून जात नाही. लग्नानंतरच्या रविवारी तिनं सगळं साग्रसंगीत सांगितलं: जेवण, पैठण्या, विहीणबाईंचे नखरे. शेवटी न राहवून मी विचारलं, माझी चौकशी केली का गं कुणी?

‘‘नाही बाई, कुणीसुद्धा नाही,’’ ती म्हणाली. केवढी सुटल्यासारखी म्हणाली.

त्या उन्हाळ्यात पेटी संपली. सगळ्यांची बारशी, लग्नं, आजारपणं होती त्यात, एका कुत्र्याचं मरणसुद्धा. भाचीचं नाव मात्र पुन्हा कुठेच आलं नाही. मेली म्हणूनसुद्धा नाही.