अधिक एक पॉइंट दोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरबाईंना नाही. आज सांगून टाकतो — आत्ताच, कारण आज अंगात धमक आहे, हात झरझर चालतोय, आणि उद्या ही धमक असेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

मी मापं तपासणारा माणूस. भांडुपला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात आयुष्य गेलं. मायक्रोमीटर लावायचा, केसाएवढा फरक निघाला तरी तुकडा बाजूला टाकायचा. कामगार मला पाठीमागे ‘रिजेक्ट सावंत’ म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता — कशाला लपवू?

पन्नाशीला आलो तेव्हा मला बायपोलर निघाला. म्हणजे मन कधी तळघरात, कधी थेट गच्चीवर. मुलुंडच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि एक तक्ता दिला. रोज सकाळी आपणच आपल्याला आकडा द्यायचा. उणे पाच म्हणजे अंथरुणातून उठवत नाही. अधिक पाच म्हणजे माणूस हवेत, आवरायला चारजण लागतात. मधे शून्य. “शून्य आलं की पेढे वाटा, सावंत,” बाई म्हणाल्या. शेजारी दुसरा रकाना — घरातल्या माणसाने तुमच्याकडे बघून द्यायचा आकडा. तो वैशालीचा, माझ्या बायकोचा.

तुम्हाला हसू येईल, पण तो तक्ता मला इतका आवडला! स्वतःलाच मायक्रोमीटर लावायचा — याहून मोठी गंमत कुठली? मी तो फ्रिजवर चिकटवला, पेन्सिलीला दोरी बांधली. वैशाली चहा ठेवता ठेवता एकदा माझ्याकडे नीट बघायची, मान तिरकी करून, बाजारात बांगडा बघते तशी — आणि आकडा टाकायची. उणे दोन. उणे एक. तिचा आणि माझा आकडा क्वचितच वेगळा यायचा.

मग एका उन्हाळ्यात मी वर जायला लागलो.

ते कसं असतं, सांगू? आमच्या बिल्डिंगला पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं आणि वरच्या मजल्यांवर पोचायचंच नाही. वर्षानुवर्षांचं भांडण. आणि एका सकाळी दात घासताना मला उत्तर दिसलं! प्रत्येक मजल्याच्या व्हॉल्व्हची वेळ बांधून द्यायची — बस. स्टॉपवॉच घेऊन जिने चढलो, उतरलो, घराघरांत बादली लावून ती कितीत भरते ते मोजलं. चौथ्या मजल्यावरचे घाडी टॉवेल गुंडाळून दारातून ओरडले, “ओ सावंत, आंघोळ तरी करू द्या ना!” मी म्हटलं, करा, पण दोन मगांत आटपा, मला नोंद हवी. जिना हसला नुसता. आणि पाणी वर पोचलं! खरंच पोचलं. घाडींनी ओल्या अंगाने मिठी मारली मला. “झकास यार, सावंत!” मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. डोकं कसं लख्ख झालं होतं. वाटलं, हाच खरा मी, आधीचा तो नुसता गाळ होता.

पण मला कळत होतं. हे नीट ऐका — मला कळत होतं. झोप उडाली होती, जेवणाचं भान नव्हतं, तोंड थांबत नव्हतं. आकडा अधिक चार होता. तो लिहिला असता तर बाईंनी गोळी बदलली असती, आणि ते लख्खपण गेलं असतं. मला ते गमवायचं नव्हतं.

म्हणून मी लिहिलं — अधिक एक पॉइंट दोन.

पॉइंट दोन कशाला? नुसता एक लिहिला असता तर कुणीही खोदून विचारलं असतं. दशांश दिसला की समोरच्याला वाटतं, या माणसाने मोजून लिहिलंय. कारखान्यात असले आकडे घेऊन येणाऱ्यांना मी हातोहात पकडायचो. ती युक्ती मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

वैशालीच्या रकान्यात मात्र अधिक चार. रोज.

दवाखान्यात बाईंनी दोन्ही रकाने पाहिले. “एवढा फरक?” वैशाली म्हणाली, “हे खूप वर गेलेत हो बाई. डोळे बघा यांचे.” आणि मी — ते अजून माझ्या कानात आहे — मी हसलो. मुद्दाम सावकाश, तोलून मापून बोललो. “तिला आकड्यांतलं कळत नाही हो. बादली सांडली तरी ही पूर आला म्हणते.”

बाईंना माझा काटेकोरपणा माहीत होता. त्यांनी वैशालीलाच समजावलं, अगदी गोड शब्दांत, की काळजी करणाऱ्याला कधी कधी आहे त्याहून जास्त दिसतं. वैशालीने पर्सची चेन उघडली, लावली. रिक्षात मी घर येईपर्यंत पाण्याच्या वेळांबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या सकाळी तिने मान तिरकी केली नाही. माझा रकाना वाचला आणि शेजारी लिहिलं, अधिक एक. मला काय वाटलं असेल? आनंद झाला! सुटलो, असं वाटलं.

पुढे मी कुणाला न विचारता गच्चीवरच्या टाकीचे पाइप कापले. सगळी बिल्डिंग कोरडी पडली. त्यानंतर मी जो कोसळलो तो थेट उणे पाचपर्यंत. बाईंनी तक्ता परत काढला, तर शेवटच्या दिवसांत दोन्ही रकाने अधिक एकच्या आसपास. मी म्हटलं, अचानक उसळलं, एका दिवसात. आणि वैशाली रडायला लागली. “समोर असून माझ्या लक्षात आलं नाही, बाई. आधी उगाच घाबरले, आणि खरं आलं तेव्हा दिसलंच नाही मला.” लक्षात आलं होतं तिच्या, सगळ्यांच्या आधी. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी जमिनीकडे बघत बसलो.

गोळ्या बदलल्या, मी सावरलो. पाइप जोडले गेले, घाडी पुन्हा हसायला लागले.

मागच्या वर्षी वैशालीच्या पोटात कळ उठली. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, दहापैकी किती दुखतंय? ती घामाने भिजलेली, खाटेची कड घट्ट धरलेली. तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही सांगा ना. मला आकड्यांतलं कळत नाही.”

माझंच वाक्य, जसंच्या तसं. कळ तिच्या पोटात — आणि आकडा मी द्यायचा? मी म्हटलं, आठ. अंदाजाने. नऊ असेल, दहाही असेल. पित्ताशयात खडा होता, तो काढला. तेव्हाही मी काही सांगितलं नाही.

आज मी पुन्हा वर आहे. सकाळी फ्रिजपाशी उभा राहिलो आणि लिहिलं — अधिक तीन. खरा आकडा, दशांश नाही. डॉक्टरबाईंना फोनही केला. खोटं कशाला बोलू, मजा येत होती! वाटलं, आता वैशाली हा आकडा बघेल, दचकेल, मान तिरकी करून माझ्याकडे बघेल.

ती ओले हात पुसत आली. “काय टाकलंत?”

“अधिक तीन.”

“बरं,” म्हणाली. आपल्या रकान्यात तीन लिहिला, पेन्सिल सोडली आणि कुकरकडे वळली. माझ्या तोंडाकडे तिने बघितलं नाही.