हद्दीबाहेरचा गरीब

डब्लिनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात एका व्यापाऱ्याचं मृत्युपत्र मोठ्याने वाचतात. हा व्यापारी ट्यूडर राजांच्या काळातला, म्हणजे पाचेकशे वर्षांपूर्वीचा, लोकर आणि कातडी विकून गबर झालेला. मरताना त्याने आपल्या दोन घरांचं भाडं चर्चच्या हद्दीतल्या गरिबांना ठेवलं. त्यांना पाव द्यावा, सरपण द्यावं, आणि त्यांनी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. घरांच्या जागी आता ऑफिसं आहेत, पण भाडं येतंच. त्यातून पाव वाटतात, आणि सरपणाऐवजी काही घरांचं गॅसचं बिल भरतात.

बरीच वर्षं हे वाचन नागपूरचा पद्माकर करायचा. नोकरी तिथल्याच ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या एका कंपनीत, आवाज खणखणीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज चर्च बघायला गेला आणि तिथलाच होऊन बसला. खुर्च्या मांडायला, पाव वाटायला सगळ्यांच्या पुढे.

मग कंपनीने माणसं कमी केली, त्यात पद्माकर गेला. पन्नाशी उलटलेली. मुलाखतीला बोलवायचे, गोड बोलायचे, पुन्हा फोन नाही. शहराबाहेर ल्यूकनला घर, तिथे हीटिंग जेमतेम लागू लागलं. मुलगी स्वरांगी कोट घालून अभ्यासाला बसायची. शेवटी बायको, सुनेत्रा, म्हणाली, "इतकी वर्षं राबलास त्या चर्चमध्ये. विचारून तर बघ. आपल्याच माणसांकडे मागायला लाज कसली?"

लाज होतीच. ती गिळून तो वाचनाच्या रविवारी जरा लवकर गेला. ट्रस्टचं काम बघणाऱ्या डीअर्ड्राबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आधी चहा दिला.

"मी आनंदाने दिलं असतं रे," त्या म्हणाल्या. "पण मृत्युपत्रात हद्दीतले गरीब असं म्हटलंय. ल्यूकन आपल्या हद्दीत नाही. तुझ्याइतकं हे कुणाला पाठ आहे?"

"माझं ऑफिस हद्दीतच होतं. इथे येत होतो तोही हद्दीतच येत होतो."

"काम करणं वेगळं, राहणं वेगळं." त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "आज वाचशील ना? लोक जमलेत."

न वाचता निघाला असता तर चार लोकांनी कारण विचारलं असतं. तो उभा राहिला. 'गरीब' हा शब्द आला तिथे आवाज कापरा होईल अशी त्याला भीती होती. झाला नाही. पहिल्या बाकावरचे म्हातारे पावाच्या टोपलीकडे बघत होते. वाचून झालं, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. व्यापाऱ्याच्या आत्म्यासाठी कुणी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

निघताना बाईंनी उरलेला एक पाव पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. "घरी ने, नाहीतर वायाच जाईल."

उरलंसुरलं द्यायला हद्द आड आली नाही! त्याने पिशवी घेतली, थँक्यूही म्हणाला. बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी मागच्या सीटवर बसून त्याने तो पाव कोरडाच तोडून खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत. घरी नेला असता तर कसा मिळाला ते सांगावं लागलं असतं.

दार सुनेत्राने उघडलं. "काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या."

"म्हणजे देतील. हात धू, पानं घेते."

"मला भूक नाही," पद्माकर म्हणाला. "तुम्ही दोघी बसा."