म्हाळाप्पामामांचं हवेतलं ताट

डाएटिशियननं लिहिलंय म्हटल्यावर तुमाला वाटलं असेल, आता हा कारल्याचा रस पाजणार आणि भाकरी बंद करणार. बसा निवांत. हातातली भजी पण ठेवू नका. या गोष्टीत भाकरी निर्दोष सुटते.

अकलूजजवळच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी आहारसल्ला देतो. त्या दिवशी समोर म्हाळाप्पामामा आणि मामी बसले होते. मामा वीस वर्षं उसाची क्रेन चालवतात. बीपी एकशे साठच्या वर. गोळी रोज घेत होते, तरी उतरत नव्हतं. गाळपाच्या सीझनला महिना राहिला होता. तोवर उतरलं नाही तर डॉक्टर मॅडम फिटनेस सर्टिफिकेटवर सही करणार नव्हत्या. मग क्रेन सोडून गेटवर ड्यूटी.

"गेटवर बसून काय करू? सलाम ठोकू?" मामा म्हणाले. "वरनं अख्खा कारखाना दिसतो मला."

मॅडमनी मला बजावलं होतं, "काय खातायत ते शोध. रिकॉल नीट घे. आणि ओपीडीत नाटक नको." रिकॉल म्हणजे काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं ते विचारून लिहायचं. नाटक म्हणजे मी. मला नकला येतात. शाळेत हेडसरांच्या आवाजात मी एकदा अख्खी शाळा लवकर घरी सोडली होती.

रिकॉल तीनदा घेतला. तिन्ही वेळा तेच. दोन भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, ताक.

"मीठ?"

"हिला इचारा."

"एवढुसं टाकते, सायेब," मामी म्हणाल्या. "आमटी मलाच आळणी लागतीया आता."

मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं धरून चहाच्या एका चमच्यापेक्षा कमीच मीठ पाहिजे. कागदावर मामा त्याच्या आतच होते. कागद पास, बीपी नापास.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला राहवलं नाही. मॅडम आत होत्या. मी ती टोपी उचलून घातली, खुर्चीवर मांडी ठोकून बसलो आणि मामा झालो. हवेत कडक भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला.

मामा हसले नाहीत. चिडले.

"असं जेवतंय व्हय कुणी? चटणी कोण घेणार, तुमचा काका?"

"मग दाखवा की."

मामांनी हवेतच ताट मांडलं. मूठभर शेंगाचटणी, वर तेल. शेजारी लोणचं. तळलेली सांडगी मिरची. दोन पापड. प्रत्येक घासाला चटणी.

"लोणच्याची फोड चोखायची ऱ्हायली की," मामींनी आठवण केली.

"मामा, हे मला का नाही सांगितलं?"

"तुमी जेवण इचारलं. हे तोंडी लावणं हाय. त्याला जेवण म्हणतंय का कुणी?"

सगळं मीठ तिथं बसलं होतं. आणि आमच्याकडं तोंडी लावणं कुणीच मोजत नाही. मी पण नाही.

मग ठरलं. चटणी घरी कुटायची, लसूण-जिरं वाढवून, बिनमिठाची. तीही चमच्यानं. लोणचं, पापड, सांडगी मिरची सणाला. गोळी चालू. भाकरी तशीच.

महिन्यानं बीपी एकशे छत्तीस. मॅडमनी दोनदा मोजलं आणि सही केली. सीझनच्या पहिल्या दिवशी मामांनी क्रेनवरनं मला हात केला. खरं सांगतो, माझी कॉलर आपोआप ताठ झाली. धडा एवढाच: जेवण विचारू नये, जेवून दाखवायला लावावं.

पण मामांनी खुशीत मॅडमना सगळंच सांगून टाकलं होतं. केबिनमध्ये बोलावणं आलं.

"ओपीडीत नाटक नको म्हटलं होतं ना?"

"व्हय मॅडम."

"पेशंटची टोपी घातलीस?"

"व्हय."

"तीन रिकॉल घेतलेस, आणि चटणी विचारायचं सुचलं नाही? सोलापूर जिल्ह्याचाच ना तू?"

मी मान डोलावली.

"उद्यापासून प्रत्येक पेशंटला हवेत जेवायला लावायचं. आणि माझा पण आवाज काढतोस म्हणे? काढ बघू."

काढला.

"मी एवढी नाकात बोलत नाही," मॅडम नाकातनंच म्हणाल्या. "चल, हो बाहेर!"